बिबट्याचं नाव घेते

साठीला आले तरी दोन नावं मी कधी सरळ तोंडातून काढली नव्हती. एक नवऱ्याचं आणि दुसरं त्याचं. नवऱ्याचं निदान उखाण्यात तरी घेतलं होतं, लग्न होऊन आले आणि नणंदेनं उंबऱ्यात वाट अडवली तेव्हा. त्याचं तेवढंही नाही. आमच्या ताम्हिणीच्या बाजूला त्याला ‘जनावर’ म्हणतात. नाव घेतलं की हाक मारल्यासारखं होतं आणि हाक मारली की येतो, असं माझी आई सांगायची. कधी समोर आलाच तर डोळे खाली घालायचे, हात जोडायचे आणि म्हणायचं, “बाबा, तू तुझ्या वाटंनं जा, आमी आमच्या वाटंनं जातो.” मी गावच्या अंगणवाडीत नोकरी केली. भिंतीवरच्या तक्त्यावर प्राणी होते. हत्ती, घोडा, उंट असं शिकवत शिकवत त्याच्या चित्रावर आले की मी म्हणायचे, “आणि हे आपलं हे.” सगळी पोरं एका सुरात ओरडायची, “हे आपलं हे!” एकाही आईबापानं तक्रार केली नाही. लिहिताना मी बरं लिहिते ती त्या नोकरीची सवय. भांडताना मात्र माझी भाषा माझ्या गावचीच असते, आणि भांडायचा मला आळस नाही.

आमचं शेत जंगलाला लागून आहे. भाताची चार खाचरं, वर उतारावर नाचणीचा तुकडा. मालक गेल्यावर मी एकटीनं ते केलं आणि चांगलं केलं. दोन पावसाळ्यांपूर्वी मी भातातलं तण काढत होते, वाकलेली, पाठ जंगलाकडे. मान का वळवली ते आजही सांगता येणार नाही. तो बांधावर बसला होता. चुलीपुढं मांजर बसतं तसा, शेपूट पायाशी घेऊन, आणि माझ्याकडे बघत होता. किती वेळ बघत होता देव जाणे. मी चिखलाचे हात जोडले, डोळे मिटले, आईनं शिकवलेलं म्हटलं. डोळे उघडले तर बांध मोकळा. त्याच आठवड्यात त्यानं आमची कुत्री दारातून नेली. रोज माझ्याबरोबर शेतात यायची, बांधाच्या टोकाला बसून राहायची, ती.

त्यानंतर मला त्या शेतात वाकता येईना. गंमत वाटेल ऐकून, पण खरं सांगते. कंबर धड होती, गुडघे धड होते. मारुंजीला लेकाच्या फ्लॅटवर गेले की वाकून सगळी फरशी पुसायचे. शेतात मात्र खुरपं घेऊन उभी राहिले की पाठीत कुणीतरी पहार घातल्यासारखी मी ताठ. पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटायचं आणि घाम फुटायचा. एक हंगाम असाच गेला. खाचरात गवत माजलं. मग मी गावातल्या घराला कुलूप लावलं आणि लेकाकडे राहायला गेले.

माझ्या लेकाचा हिंजवडीतल्या कंपन्यांची माणसं ने-आण करणाऱ्या गाड्यांचा धंदा आहे. पोरगा कष्टाळू आहे, मनानं वाईट नाही. पण पडीक जमीन त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. पुण्याचा एक जण फार्महाऊससाठी जागा शोधत होता. त्याला म्हणे व्ह्यू पाहिजे. मी म्हटलं, “व्ह्यू काय भाजून खातो का त्यो?”

लेक म्हणाला, “आई, तू तितं जात न्हाईस, मी जात न्हाई. मग ठेवायची कशाला?”

जमीन माझ्या नावावर, सही माझी लागणार, पण पोराचं बोलणं खोटं नव्हतं. ते खोटं नव्हतं म्हणूनच मला त्याचा राग आला.

आमच्याकडे बैलानं माणसाला उडवलं की दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला त्याच बैलापुढं वैरण टाकायला लावतात. स्वतःच्या हातानं. माझ्या सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला तसं लावलं होतं, हात गळ्यात बांधलेला असताना. तेव्हा नाही टाकली तर तो माणूस जन्मभर गोठ्याच्या दारातून मागे फिरतो. मी हेच करायला हवं होतं आणि मला कुणी करायला लावलं नव्हतं. आता त्याला वैरण कुठून टाकणार? पण त्याच्यासमोर बसून, डोळे खाली न घालता, त्याला पोटभर बघता तर येईल.

सुनेच्या मोबाईलवर फक्त बायकांच्या सहलीची जाहिरात आली होती. आफ्रिका, मसाई मारा, उघड्या छपराच्या गाडीतून जंगल. मी म्हटलं, “मी जाणार.”

लेक हसला. “पौडपातूर यष्टीत तुला ओकारी येती, आणि आफ्रिकेला जातीस व्हय?”

“येऊ दे. ओकारीनं कोन मेल्यालं मी बगितलं न्हाई.”

“एवढंच बघायचंय तर कात्रजला जा की. हितल्या हितं.”

“पिंजऱ्यातल्याला बघून काय करू? त्योच माज्यापरीस भ्यालेला आसतोय.”

मग मी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं. मी जाऊन येते. आल्यावर भातलावणीला आपल्या खाचरात उतरते. वाकता आलं तर जमीन राहील. नाही आलं तर तू म्हणशील तिथं सही करते, एक शब्द बोलणार नाही. तोवर त्या व्ह्यूवाल्याला शब्द द्यायचा नाही. लेकानं मान हलवली. मी पाटल्या मोडल्या आणि निघाले.

नैरोबीला उतरून मसाई माराचा रस्ता लांबचा. आमच्या गाडीत सहा जणी, सहल सांभाळणारी एक पुण्याची मुलगी, आणि तिथलाच गाडीवान. तोच वाट दाखवणारा, तोच जनावरं शोधणारा. माझ्या खोलीत जिला घातलं होतं ती बँकेतून निवृत्त झालेली बाई माझ्या शेजारी होती, गळ्यात भला थोरला कॅमेरा. शेंगदाण्याचे लाडू फिरले, चिवडा फिरला, आणि मग बायकाच त्या, उखाणे सुरू झाले. एकेकीची पाळी. माझी आली तशी सहल सांभाळणारी ती मुलगी मला ओलांडून हसत पुढच्या बाईकडे वळली. “काकू, तुम्ही राहू द्या हं.”

प्रेमानंच म्हणाली. माझ्या कपाळावर टिकली नाही हे तिनं बघितलं होतं. पण मला आत चटका बसला. नवरा गेला म्हणून त्याचं नावही गेलं काय? परमुलखात पहिल्याच दिवशी तोंड सोडायला नको म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून जंगल. जंगल कसलं, गवतच गवत, नजर पोचेल तिथवर, आणि मध्येच एखादं छत्रीसारखं झाड. गाडीतून उतरायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, जनावर दिसलं की ओरडायचं नाही, हळूच सांगायचं. सिंह बघितले. एका झुडपाखाली घोळकाच्या घोळका पाय वर करून पडला होता, दुपारच्या वेळी गावच्या पारावर रिकामटेकडे पडतात तसा. बायका फोटो काढून दमल्या. मला काही वाटेना. सिंहाशी माझं भांडण नव्हतं. त्यापेक्षा झेब्रे मी नीट बघितले. सगळे मान खाली घालून चरायचे, पण एखादा तरी मान वर करून उभा. त्याची मान खाली गेली की दुसऱ्याची वर. कुणी सांगावं लागत नव्हतं. सगळ्यांनी एकदम वाकायचं नाही, एवढं त्या जनावरांना कळतं आणि मी एकटी खाचरात वाकत होते, असं मनात आलं आणि स्वतःचं हसू आलं.

तो दिसत नव्हता. सगळ्यांना तोच हवा होता. त्याच्यासाठी बायका पहाटे उठायच्या, कुडकुडत बसायच्या, परत येताना हळहळायच्या. आणि मग एका सकाळी आम्ही नदीकाठच्या झाडीपाशी थांबलो होतो. एका बाजूला जिराफ होते, सगळ्या त्या खिडक्यांकडे. मी दुसऱ्या बाजूला एकटी. गवत हललं आणि तो बाहेर आला. माझ्यापासून एका खाचराच्या अंतरावर. थांबला. माझ्याकडे वळला.

आणि मी काय केलं? हात जोडले. डोळे खाली घातले. “बाबा, तू तुझ्या वाटंनं जा.” पाटल्या मोडून, समुद्र ओलांडून ज्याच्या डोळ्यांत बघायला आले, तो समोर आला आणि मी स्वतःच्या चपला बघत बसले. मान वर केली तेव्हा गवत जागेवर होतं, तो नव्हता.

मी बोलले नाही. पण गाडीवानाच्या वायरलेसवर दुसऱ्या गाडीवाल्यानं सांगितलं की तुमच्या डाव्या अंगानं आत्ताच बिबट्या गेला. डाव्या अंगाला मी. सगळ्या माझ्याकडे वळल्या.

बँकेतल्या बाईनं विचारलं, “तुम्हाला दिसला होता?”

“व्हय.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“आमच्यात नाव घेत न्हाईत.”

मागून एकजण म्हणाली, “कमाल आहे. हा शुद्ध अडाणीपणा झाला.”

“हाय मी अडानी,” मी म्हटलं. “आनि तुमी शानी मानसं जिराफाचं ढुंगान बघत बसला व्हता, त्याला काय म्हनायचं?”

हसायला कुणी तयार नव्हतं. त्यांचंही बरोबर होतं. खोलीवर आल्यावर मी न्हाणीत गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. त्या बायकांच्या बोलण्यानं नाही. माझीच मला शरम वाटली. भीती बांधावर नव्हती, जंगलात नव्हती. ती मी लुगड्याच्या ओच्यात बांधून इथवर आणली होती. बाहेर आले तर बँकेतली बाई कॅमेरा पुसत बसली होती. मला कुणाला तरी सांगायचं होतं. मी तिला सगळं सांगितलं. शेत, कुत्री, पाठीतली पहार, लेकाला दिलेला शब्द. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे उद्या शेवटचा दिवस तुमचा.”

शेवटच्या सकाळी थोडं फिरून मग मण्यांच्या माळांची दुकानं, असं ठरलेलं होतं. सगळ्यांना घरी काहीतरी न्यायचं होतं. गाडी दुकानांच्या फाट्याला लागली तशी मी उघड्या छपराच्या दांड्याला धरून उभी राहिले.

“मी दुकानात येनार न्हाई. मला परत नदीवर न्या.”

मुलगी म्हणाली, “काकू, असं एकटीसाठी नाही करता येत. बाकीच्यांचा वेळ आहे.”

“मला माळ नकोच आहे,” बँकेतली बाई म्हणाली. “आणि मला त्याचा फोटो पाहिजे. काल ह्यांच्यामुळे हुकलाय, आज ह्यांनीच भरून द्यायचा.”

यावर दोघीतिघी हसल्या. गाडीवानानं आरशातून विचारलं की काय चाललंय. मुलीनं त्याला इंग्रजीत सांगितलं. मी म्हटलं, “त्याला सांग, माझं शेत आहे. तिथं हा येतो. मला भीती वाटते आणि मला ती नकोय.” एवढं तिनं नीट सांगितलं असावं. त्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्याच्याही घरी गुरं आहेत, असं तो म्हणाला, आणि गाडी वळवली. अडाणी म्हणणारी बाई खिडकीबाहेर बघत राहिली, पण नको म्हणाली नाही.

नदीकाठानं गाडी हळूहळू चालली. गाडीवान प्रत्येक झाडापाशी थांबायचा, फांद्या बघायचा, मान हलवायचा. ऊन चढलं. पाणी संपत आलं. मुलगी घड्याळ बघायला लागली. मी दांडा सोडला नाही. बसले तर मान खाली जाईल असं मला वाटत होतं.

एका मोठ्या झाडाच्या आडव्या फांदीवर तो होता. चारी पाय दोन्हीकडे लोंबकळत सोडलेले, हनुवटी फांदीवर. मलाच आधी दिसला. गाडी पुढे चालली होती. मी बोलले नसते तर गेलीच असती.

हात आपोआप वर यायला लागले, जोडायला. मी ते दांड्यावर घट्ट आवळले. त्यानं डोळे उघडले. पिवळे, स्वच्छ, आणि माझ्यावर. आणि मला एकदम नणंदेनं अडवलेला उंबरा आठवला. ज्याचं नाव घ्यायचं नसतं, त्याचं नाव घ्यायची आपल्यात एकच रीत आहे. वाट अडली की घेता येतं. घ्यावंच लागतं. जुळवायला मला वेळ लागला नाही. बहुतेक दोन पावसाळे ते आत जुळत होतं.

“ताम्हिणीच्या घाटामधे धुकं पडलं दाट,
बिबट्याचं नाव घेते, सोड माझी वाट.”

मोठ्यानं नाही म्हटलं, नियम होता. पण स्पष्ट म्हटलं. गाडी थांबली. बायका माझ्या नजरेच्या रेषेनं वर बघायला लागल्या आणि कुणीतरी तोंडावर हात ठेवला. कॅमेऱ्याचा आवाज येत राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. घाम मानेवरून खाली चालला होता, भीती कुठेही गेली नव्हती. पण डोळे वर होते. त्यानं काय केलं? जांभई दिली. पुढचा पंजा चाटला. नाव घेतलं म्हणून तो खाली उडी मारून आला नाही आणि घेतलं म्हणून पळालाही नाही. इतकी वर्षं मी, माझी आई, तिची आई दबक्या आवाजात बोललो, आणि याला त्याची गंधवार्ता नव्हती. मला त्याचा राग आला, आणि मग हसू आलं, आणि तो उठून आळस देऊन खोडावरून उतरला, गवतात शिरला, तोवर मी त्याला बघत राहिले. त्याचं शेपूट दिसेनासं झाल्यावरच खाली बसले.

परतताना ती मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. “काकू, त्या दिवशी मी तुमची पाळी उगाच...”

“राहू दे,” मी म्हटलं. “आज घेतलं की.”

“मग आता त्यांचंही घ्या,” बँकेतली बाई म्हणाली.

घेतलं. तो उखाणा मी इथं लिहिणार नाही.

इकडे आल्यावर मी मारुंजीला थांबले नाही. गावातलं कुलूप काढलं, घराजवळच्या तुकड्यात भाताचं रोप टाकलं. लावणीला दोन बाया सांगितल्या आणि त्यांना आधीच बजावलं, एकीनं कायम उभं राहायचं, तोंड जंगलाकडे, हातात काठी. लावणीच्या दिवशी लेक आला. चिखलात पाय घालायला नको म्हणून बुटांवर पिशव्या बांधून आला होता. त्यानं शब्द पाळला होता, व्ह्यूवाल्याला होकार दिला नव्हता. पण त्याच दिवशी दुपारी त्याला बोलावून ठेवलं होतं. “नुसतं बघायला,” म्हणाला.

पाऊस बारीक लागला होता. मी प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेतला, रोपांची जुडी उचलली आणि खाचरात उतरले. जंगलाकडे पाठ केली. आणि पाठ ताठ. तीच पहार, तिथंच. दोन्ही बाया माझ्याकडे बघत होत्या. लेकही.

तो बांधावरून जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “आई, राहू दे. परवाच वरच्या आळीला जनावर आल्तं म्हनत्यात.”

तीस-पस्तीस गाड्यांच्या ड्रायव्हरांवर ओरडणारा माणूस, आणि कुजबुजत होता. माझ्याच अंगणवाडीत शिकलेला.

“काय आल्तं?”

“जनावर, गं.”

“नाव घे.”

“आई, काय तरीच काय...”

“नाव घे त्याचं.”

त्यानं जंगलाकडे बघितलं. मग बायांकडे. “बिबट्या,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं.”

“बिबट्या!” तो ओरडला, आणि स्वतःच दचकला. समोरच्या डोंगरावरून काही आलं नाही. पाऊस पडत होता तसा पडत राहिला.

“आता ती काठी घे,” मी म्हटलं, “आनि हितं बांधावर उभा ऱ्हा. तोंड तिकडं. मी वाकले की मान वर ठेवायची. म्हंजी ती बाई बी लावनीला उतरंल.”

तो उभा राहिला. मी मनातल्या मनात उखाणा म्हटला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा म्हटला, आणि कंबरेतून काहीतरी सुटलं, आणि माझे हात चिखलाला लागले. पाणी गार होतं. पहिलं रोप वाकडं लागलं. दुसरं सरळ. मला रडू येत होतं आणि मी लावत होते. भीती होती, माझ्या पाठीवर बसलेलीच होती, पण तिला घेऊन वाकता येत होतं.

एक पट्टा संपवून पलीकडच्या बांधापाशी पोचले तेव्हा मागे लेकाचा फोन वाजला. काठी त्यानं काखेत धरली असणार, पण आवाज पाठमोरा येत होता, म्हणजे तोंड अजून जंगलाकडेच होतं.

“न्हाई हो साहेब, येऊ नका. विकायची न्हाई.” मग म्हणाला, “न्हाई, किमतीचं न्हाई. आई लावनी करतीया.”

मी मान वर केली नाही. अजून अर्धं खाचर राहिलं होतं.